गाड्या कुठे उभ्या करायच्या?

मी मुंबईच्या मेट्रोच्या बाजूचा माणूस आहे. हे आधीच सांगतो, कारण आरेबद्दल कुणी चांगलं बोललं की तो मेट्रोविरोधी, असा शिक्का आपल्याकडे लगेच बसतो. मेट्रोबद्दलचं माझं मत २०११ साली होतं तेच आज आहे. बदललं ते मेट्रोच्या गाड्या रात्री जिथे उभ्या राहतात त्या जागेबद्दलचं मत. आणि त्या जागेसाठी वर्षानुवर्षं रविवारी सकाळी आरेतल्या पिकनिक पॉइंटजवळ हातात हात धरून उभ्या राहिलेल्या माणसांबद्दलचंही.

माझी सगळी नोकरी लोकलच्या कारशेडमध्ये गेली. लोकांना लोकल फलाटावरून दिसते, आम्हाला ती पिटमधून, पोटाखालून दिसायची. चाकं, ब्रेक, मोटर, वायरिंग. कधी कुणी खाली सापडून रनओव्हर झालेला रेक शेडमध्ये यायचा. त्याचा खालचा भाग आधी धुवून घ्यावा लागे, मगच तपासणी. ते धुण्याचं काम ज्या पोरांच्या वाट्याला येई, त्यांच्याशी त्या दिवशी कुणी फारसं बोलत नसे. २०१९ पर्यंतही मुंबईच्या लोकलमार्गावर दिवसाला सरासरी सात माणसं मरत होती. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. बंद दाराची, जमिनीखालून जाणारी, कुलाब्याहून थेट सीप्झपर्यंत पोहोचवणारी मेट्रो तीनची गाडी येणार असं कळलं तेव्हा मला झालेला आनंद धंद्यातल्या माणसाचा होता. तेहतीस-साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं आणि त्यातली सव्वीस भुयारी. विमानतळ, बीकेसी, दादर, वरळी, काळबादेवी, मंत्रालय या ठिकाणांना एका दोऱ्यात ओवणारा दुसरा रेल्वेमार्ग मुंबईत नव्हता.

म्हणून २०१४ च्या अखेरीस या मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतल्या झाडतोडीची नोटीस निघाली आणि विरोध सुरू झाला, तेव्हा मी वैतागलो. माझा युक्तिवाद तयार होता आणि तो पोकळ नव्हता. कारशेड कुठेही होत नाही. तिला लांबच लांब आणि जवळजवळ सपाट जमीन लागते, कारण उभी गाडी घरंगळून चालत नाही. आठ डब्यांच्या एकतीस गाड्या उभ्या करायच्या तर स्टेबलिंगच्या लाइनी हव्यात, तपासणीच्या पिट लाइनी हव्यात, चाकं घासायचा लेथ हवा, धुण्याचं यंत्र हवं, टेस्ट ट्रॅक हवा. शिवाय हे सगळं मार्गाच्या टोकाजवळ हवं. नाहीतर रोज पहाटे आणि रात्री प्रत्येक गाडी रिकामी पळवावी लागते. वीज जाते, वेळ जातो आणि देखभालीला मिळणारे रात्रीचे मोजके तास त्यात खर्ची पडतात. सीप्झच्या टोकाला लागून आरे आणि आरेत सरकारी जमीन. तेहतीस हेक्टरचा तुकडा. नकाशावर बोट ठेवून मी कुणालाही सांगायचो की इथे नाही तर कुठे?

आंदोलकांबद्दल माझं मत तेव्हा कडक होतं. रविवारी येणारी माणसं, असं मी म्हणत असे. सोमवारी विरार फास्टच्या दारात लोंबकळणारा माणूस तिथे फलक घेऊन उभा नसतो, असंही म्हणत असे. आरे म्हणजे मुळात काय? १९४९ साली शहरातले तबेले बाहेर काढण्यासाठी वसवलेली दूध वसाहत. दारा खुरोडींची कल्पना, तीन हजारांहून अधिक एकर जमीन, गुरांची युनिटं, वैरणीची कुरणं आणि त्यात माणसांनी लावलेली झाडं. हे जंगल कधी झालं? सुबाभूळ आणि गुलमोहर तोडल्याने जंगल मरतं असं मानायची माझी तयारी नव्हती. झाडं दुसरीकडे लावता येतात, गाडी दुसरीकडे लावता येत नाही, हे माझं त्या काळातलं ठरलेलं वाक्य होतं.

२९ ऑगस्ट २०१९ रोजी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला. त्यातली २,१८५ तोडायची, ४६१ उचलून दुसरीकडे लावायची. हरकतींचा आकडा ऐंशी हजारांच्या पुढे गेला होता. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती चालू झाल्या. दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागली, एकोणतीस जणांना अटक झाली. विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं जमिनीवर होती.

त्या रात्री माझं मत बदललं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. न्यायालयाने निकाल दिला होता, काम कायदेशीर होतं, असं मी तेव्हाही म्हणालो. एक गोष्ट मात्र मनात खुपली, आणि ती कामाच्या सवयीतून खुपली. रेल्वेत ब्लॉक घेऊन केलेलं कुठलंही काम मला ठाऊक आहे. रूळ बदलायचा असो की पूल काढायचा, वेळापत्रक ठरतं, कागद फिरतात, सह्या होतात, आणि जे परत जोडता येणार नाही ते कापण्याआधी दोनदा विचारलं जातं. इथे वरच्या कोर्टात जायला कुणाला वेळ मिळू नये इतक्या घाईने न जोडता येणारं काम उरकलं गेलं होतं. ज्याची बाजू भक्कम आहे, त्याला एवढी घाई कशाला लागते, हा प्रश्न मी तेव्हा मोठ्याने विचारला नाही.

नोव्हेंबरात सरकार बदललं आणि कारशेडच्या कामाला स्थगिती आली. त्या हिवाळ्यात आमच्या इमारतीतली एक मुलगी माझ्याकडे आली. ती आरेच्या स्वयंसेवकांपैकी. झाडांची मोजणी करणाऱ्या गटात होती. म्हणाली, “काका, तुम्ही कारशेडमध्ये होतात ना? आमच्याकडे डेपोचे नकाशे आहेत, पण ते नीट वाचता येत नाहीत. समजावून सांगाल का?” माझं मत तिला माहीत होतं. मी म्हटलं, “सांगतो, पण मी तुमच्या बाजूचा नाही.” ती म्हणाली, “नकाशाला बाजू नसते ना काका.”

एका घरात दहा-बारा जण जमले होते. मी मनात ज्यांचं चित्र रंगवलं होतं तसे दोघं-तिघं होते, नाही असं नाही. पण एक बाई पवईत घरकाम करून रविवारी यायच्या, एकजण रिक्षा चालवायचा, दोघं आरेतल्याच पाड्यांवरचे वारली तरुण होते. शिवाय निवृत्त शिक्षिका आणि महाविद्यालयातली मुलं. त्यांच्याकडे जे कागद होते ते पाहून मी चकित झालो. प्रकल्प अहवाल होता, माहितीच्या अधिकारात काढलेली उत्तरं होती, विकास आराखड्याच्या शीटा होत्या. डिसेंबर २०१६ ची शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचनाही होती, जिच्यातून आरेतली १६५ हेक्टर जमीन बाहेर ठेवली गेली. त्यांच्या एका फाइलीत २०१५ च्या तांत्रिक समितीची कागदपत्रं होती. कांजूरमार्ग, कलिना, बीकेसी, महालक्ष्मीचं रेसकोर्स अशा जागांची तुलना तेव्हा झाली होती, आणि समितीतल्या आयआयटी व नीरीच्या दोन तज्ज्ञांनी आरेबद्दल वेगळं मत नोंदवलं होतं. पर्याय होतेच कुठे, असं मी पाच वर्षं म्हणत होतो. पर्याय कागदावर होते, मी ते वाचले नव्हते.

मी नकाशा समजावू लागलो. ही स्टेबलिंग, ही पिट, इथे वॉशिंग प्लांट, इथून सांडपाणी शुद्धीकरणाकडे जाणार. मग त्यांच्यातल्या एका मुलाने त्याच जागेची उंचसखलता दाखवणारा जुना नकाशा शेजारी ठेवला आणि विचारलं, “यार्डाला सपाट जमीन लागते म्हणालात. ही तर नदीच्या कडेची सखल जमीन आहे. सपाट कशी करणार?” उत्तर सोपं होतं: भराव टाकून. ते मी दिलं. आणि देता देताच थांबलो.

२६ जुलै २००५ ला मी ड्यूटीवर होतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. कारशेडमधल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा आठवतो. रुळांवर पाणी चढतं तेव्हा मोटरी पाण्यात जातात. एकेक मोटर उतरवायची, सुकवायची, इन्सुलेशन तपासायचं आणि पुन्हा चढवायची. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही तेच करत होतो. पाणी कुठून येतं हा प्रश्न तेव्हा आम्हा सगळ्यांना पडला होता, आणि उत्तरात एक नाव सारखं येत होतं, मिठी. विहार आणि पवईच्या सांडव्यांतून निघणारी, आरेतून मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, बीकेसी करत माहीमच्या खाडीला मिळणारी, सुमारे अठरा किलोमीटरची नदी. खाली तिला आपण भिंतींमध्ये कोंडली, तिच्यावर वस्त्या बसवल्या, विमानतळापाशी वळवली. वर आरेत ती अजून नदीसारखी वाहते, दोन्ही काठांवर पसरायला तिला जागा आहे. आणि त्या पसरण्याच्या जागेवर भराव टाकून यार्ड करायचं चाललं होतं.

झाडांच्या आकड्याने मला कधी हलवलं नव्हतं. पाण्याने हलवलं, कारण पाणी माझ्या कामातलं होतं. झाड मोजून दुसरीकडे लावता येतं, निदान तसा दावा करता येतो. (मेट्रोच्या वेगवेगळ्या स्थानकांवरून उचलून आरेत आणून लावलेल्या झाडांपैकी बरीच जगली नाहीत, हे मी पुढे स्वतः पाहिलं.) पण नदीकाठची सखल जमीन कुठल्याही रोपवाटिकेत तयार होत नाही. ती जिथे आहे तिथेच असते, आणि ती भरली की तिथे थांबणारं पाणी खाली जातं. खाली म्हणजे मरोळला, जिथे मी राहतो, आणि कुर्ल्याला, जिथे पावसाळ्यात लोकलचे रूळ आधी बुडतात.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर चालायला जाऊ लागलो. दिनकरराव देसाई मार्गाने गाडीतून जाणाऱ्याला आरे म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची सावली एवढंच दिसतं. आरे कळतं ते पायवाटांवर. पाड्यापासून पाड्याकडे, युनिटामागच्या ओढ्याकडे, भाताच्या खाचरांतून जाणाऱ्या या वाटा कुणी आखलेल्या नाहीत. वारली आणि मल्हार कोळी माणसांच्या पायांनी त्या पडल्या. आरेत असे सत्तावीस पाडे आहेत. मी आयुष्यभर मरोळला राहिलो आणि मुंबईत अजून भात लावला जातो हे मला ठाऊक नव्हतं. एका पाड्यावर वाघोबाचं ठाणं आहे. तिथल्या आजींना मी विचारलं, बिबट्याची भीती नाही वाटत का? त्या म्हणाल्या, “तो त्याच्या वाटंनं जातो, आमी आमच्या.” हे मला भाबडं वाटलं असतं, पण सोबतच्या अभ्यासकाने कॅमेऱ्याची चित्रं दाखवली. बिबट्या खरोखर त्याच वाटांनी जातो, रात्री, माणसांची वर्दळ थांबल्यावर. राष्ट्रीय उद्यान आणि भोवतालच्या परिसरात २०१८ च्या पाहणीत सत्तेचाळीस बिबटे नोंदले गेले. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात, आणि त्यांचा वावर आरेतूनही आहे. विंचवाच्या एका जातीचं शास्त्रीय नाव आरेवरून ठेवलं गेलं, तीही इथेच सापडली. दूध वसाहत होती म्हणून हे जंगल नाही, हा माझा जुना मुद्दा या वाटांवर टिकला नाही. सत्तर वर्षं जमीन फारशी कुणी ढवळली नाही, शेजारी उद्यान होतं, आणि जंगल चालत आलं. सरकारी नोंदीत तिचं नाव काय आहे हे बिबट्याला आणि पाण्याला माहीत नसतं.

डेपोच्या भूखंडावरही माणसं होती, हेही मला उशिरा कळलं. प्रजापूरपाड्यातल्या कुटुंबांना तिथून उठून पुनर्वसनाच्या इमारतींत जावं लागलं. तिकडे गेलेल्या एका गृहस्थांना मी भेटलो. त्यांच्याकडे वीज होती, नळ होता, पक्कं घर होतं. “घर चांगलं आहे,” ते म्हणाले, “पण अंगण नाही, आणि काम मागायला दुसऱ्याकडे जावं लागतं.” पूर्वी ते स्वतःचा भाजीपाला विकत. प्रकल्पाच्या हिशोबात हे कुठल्या रकान्यात धरायचं, हे मला अजून सांगता येणार नाही.

मत बदललं म्हणून मी स्वयंसेवकांची प्रत्येक गोष्ट मान्य करतो असं नाही, आणि ते त्यांनाही माहीत आहे. काहीजण मेट्रोच नको म्हणायचे, त्यांच्याशी मी भांडलो. भुयारी मार्गाने जेवढी माणसं वाहिली जातील तेवढ्या गाड्या रस्त्यावरून कमी होतील, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. उशिराची किंमत असते हेही खरं आहे. मूळ २३,१३६ कोटींचा प्रकल्प ३७ हजार कोटींच्या पलीकडे गेला. पण हा सगळा बोजा आरेच्या माणसांवर टाकला गेला त्याला मात्र आधार नाही, आणि हे मी कामाच्या माहितीवर सांगतो. भुयार खणण्याचा शेवटचा टप्पा, महालक्ष्मी ते मुंबई सेंट्रल, ३० नोव्हेंबर २०२२ ला फुटला. त्या दिवसापर्यंत पूर्ण मार्गावर गाडी धावणंच शक्य नव्हतं, कारशेड कुठेही असती तरी. त्यानंतर रूळ, सिग्नल, वीज, चाचण्या. शहराच्या जुन्या भागातली जमीन, तिथल्या रहिवाशांचं पुनर्वसन, महासाथ, असं बरंच काही त्या वर्षांत अडलं. दोष मात्र रविवारी साखळी करणाऱ्यांच्या माथी मारला गेला, कारण ते दिसत होते.

कांजूरमार्गची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तिचा शेवट सांगायला हवा. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड तिथे हलवायचं ठरलं. जमीन मिठागरांची, म्हणजे आमची, असं केंद्राने म्हटलं. डिसेंबरात उच्च न्यायालयाने काम थांबवलं. जून २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदललं आणि कारशेड आरेत परतली. त्या जागेवर कारशेड होऊच शकत नाही, असं तेव्हा वारंवार ऐकवलं गेलं. पुढच्याच वर्षी कांजूरमार्गची पंधरा हेक्टर जमीन मेट्रो सहाच्या कारशेडसाठी देण्यात आली. मेट्रो तीनसाठी ती जागा आदर्श होती असं मी म्हणणार नाही. मार्ग वाढला असता, रिकामी धाव वाढली असती. पण अशक्य आणि गैरसोयीचं यांतला फरक तंत्रज्ञाला कळतो. त्या काळात तो फरक लोकांपुढे ठेवायला आमच्यापैकी फार थोडे पुढे आले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौऱ्याऐंशी झाडांसाठी पुढे जायची मुभा दिली. मग प्रत्यक्षात १७७ झाडांचा प्रस्ताव आला. १७ एप्रिल २०२३ ला न्यायालयाने मेट्रो कॉर्पोरेशनला दहा लाखांचा दंड केला आणि तरीही तोडीची परवानगी दिली. हा आकड्यांतला फरक न्यायालयापुढे कुणी आणला? झाडांना नंबर घालून, फोटो काढून, वह्या भरून ठेवणाऱ्या माणसांनीच. माझ्या इमारतीतली ती मुलगी त्यांच्यातलीच. शेडमध्ये आम्ही ज्याला लॉगबुक म्हणतो, तेच ते काम. कोणता भाग कधी बदलला, कुणी बदलला, का बदलला. लॉगबुकाशिवाय गाडी लाइनवर जात नाही. आरेच्या जमिनीचं असं लॉगबुक सरकारी खात्यांपैकी कुणाकडे नव्हतं, या स्वयंसेवकांकडे होतं.

कारशेडचा भूखंड ते हरले. पण त्याच लढ्यातून आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून वनखात्याकडे गेली. दहा वर्षांपूर्वी ही जमीन जंगल आहे असं म्हणणाऱ्याला मी हसलो असतो. आज कायद्याच्या कागदावर ती वन आहे, आणि ती तशी झाली ती त्या रविवारांमुळे, हे मी नोकरीतल्या जुन्या सहकाऱ्यांना स्पष्ट सांगतो. त्यांतल्या काहींना आवडत नाही.

मेट्रो तीन, म्हणजे ॲक्वा लाइन, ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. मी मरोळ नाक्याहून तिने जातो. उत्तम गाडी आहे. दार बंद होतं, कुणी लोंबकळत नाही, कुणी पडत नाही. शेवटचं स्थानक आरे, सगळ्या मार्गावरचं जमिनीवरचं एकमेव. तिथे उतरून पायी आत गेलं की एका हाताला यार्डाची भिंत लागते. त्या भिंतीआड माझ्यासारखीच माणसं रात्रपाळीत चाकं तपासत असतील. त्यांचं काम चोख चालावं, एवढीच माझी इच्छा आहे. आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूचं जे उरलं आहे ते पुढच्या कुठल्याही प्रकल्पाच्या नकाशात रिकामं म्हणून दाखवलं जाऊ नये, अशीही.

कारण पुढचे प्रकल्प आलेच आहेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाखालून जात आहेत, ठाणे-बोरिवलीचेही. बोगदा खाली असतो, पण त्याचं तोंड, त्याचा रस्ता, त्याच्या यंत्रांची जागा जमिनीवरच लागते, आणि ती कुठे, हे ठरतं तेव्हा बातमी होत नाही. ते अहवालाच्या एका पानावर ठरतं. तेव्हा प्रश्न विचारला तर कागद बदलतो. निविदा निघाल्यावर विचारला तर फक्त कोर्ट उरतं, आणि झाडावर नोटीस चिकटल्यावर हरकतीला मोजके दिवस. आरेचे स्वयंसेवक हे शिकले, पण तांत्रिक अहवाल वाचायला त्यांना आमच्यासारख्यांची गरज होती, आणि आम्ही घरी बसून त्यांच्यावर चिडत होतो.

म्हणून हे लिहिणं मुख्यतः माझ्या बिरादरीसाठी आहे. रेल्वेतून, पाणीखात्यातून, बांधकाम खात्यातून, नगररचनेतून निवृत्त झालेल्या माणसांसाठी. तुमच्या शहरातली टेकडी, तलाव, नदीकाठ, उद्यान यांच्यासाठी धडपडणारी माणसं तुमच्या घरापासून फार लांब नसतात. त्यांच्याकडे जा. त्यांचं म्हणणं पटत नसेल तर तसं सांगा, भांडा. पण त्यांच्या टेबलावरचा नकाशा एकदा उलगडून बघा, आणि जे तुम्हाला कळतं ते त्यांना सांगा. गाडी कुठे उभी करायची हा प्रश्न आपल्या धंद्याचा आहे. त्याचं उत्तर अहवाल छापून येण्याआधी आपणच मागायला हवं.